छाटणीआधीचा ध्वनी : मेटल गिटारच्या पिकअपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे मुळात एक लहानसे विद्युतजनित्र होय. चुंबकाभोवती, किंवा चुंबकाला टेकवलेल्या लोखंडी खिळ्यांभोवती, केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे दिलेले असतात. त्यांच्यावरून गेलेली पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्रात हालचाल होते, वेढ्यांमध्ये क्षीण विद्युतदाब निर्माण होतो आणि तो केबलमधून अॅम्प्लिफायरकडे जातो. मेटल वाजवणारा गिटारवादक आपल्या वाद्यात पहिला बदल करायचे ठरवतो तेव्हा बहुधा याच भागाकडे वळतो आणि साठवलेल्या पैशांतून एखादा नामांकित पिकअप मागवतो. तो पैसा पुष्कळदा वाया जातो, कारण पिकअप कितीही उत्तम असला तरी त्याच्याकडून केलेली अपेक्षाच त्याच्या कामाच्या स्वरूपाशी विसंगत असते.

सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की मेटलसाठी पिकअप जितका जोरकस, म्हणजे जितका जास्त विद्युतदाब देणारा, तितका चांगला. ही समजूत एके काळी खरी होती. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी दोन वेटोळ्यांचा हंबकर घडवला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना विजेची गुणगुण तेवढी घालवायची होती. लॅरी डिमार्झिओ यांचा १९७२ मधला सुपर डिस्टॉर्शन मात्र मुद्दाम जोरकस केलेला बदली पिकअप होता. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये गेन, म्हणजे संकेत वाढवण्याची क्षमता, बेताचीच असे आणि पहिल्या व्हॉल्व्हला त्याच्या सहनशक्तीपलीकडे ढकलायचे तर जादा दाब गिटारकडूनच यावा लागे. पुढे अॅम्प्लिफायरमध्येच गेनचे टप्पे एकामागून एक जोडले जाऊ लागले आणि १९९० च्या दशकातील पीव्ही ५१५० सारख्या यंत्रांत तर साध्या पिकअपचा संकेतही पुरता फाटून निघेल इतकी वाढ उपलब्ध झाली. पिकअपचा दाब दुप्पट होणे म्हणजे ६ डेसिबलची वाढ, आणि आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये ती गेनचे बटण किंचित फिरवून मिळते. कारण सरले, सल्ला मात्र राहिला.

मग पिकअपचे महत्त्व कशात, हे कळण्यासाठी डिस्टॉर्शन म्हणजे काय ते नेमके पाहावे लागते. संकेत मर्यादेपलीकडे वाढला की अॅम्प्लिफायर त्याच्या लाटेची शिखरे छाटतो आणि या छाटणीतून मूळ स्वरात नसलेल्या नव्या वारंवारता जन्माला येतात. दोन स्वर एकत्र छाटले गेले तर त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारताही उमटतात. मेटलचा कणा असलेल्या पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांच्या जोडीत, हे स्पष्ट दिसते: सर्वांत जाड तारेचा ई सुमारे ८२ हर्ट्झचा, त्याचा पंचम सुमारे १२३ हर्ट्झचा, आणि दोघांच्या वजाबाकीतून येणारा ४१ हर्ट्झचा स्वर मूळ ईच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. गिटारवर कोणी न छेडलेला हा स्वर अॅम्प्लिफायर तयार करतो आणि पॉवर कॉर्डचे वजन त्यातूनही येते. आता हीच जोडी सात तारांच्या गिटारवर सर्वांत जाड तार ५५ हर्ट्झच्या ए स्वरापर्यंत उतरवून वाजवली, तर वजाबाकी २७.५ हर्ट्झवर जाते, जिथे गिटारचा स्पीकर जवळजवळ मुका असतो. पण तो खालचा संकेत अॅम्प्लिफायरच्या आत लाटेला वरखाली ढकलतच राहतो आणि तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेल्या पाम म्यूटचे ठोके एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होतो.

म्हणून छाटणीआधी मंद्र भाग किती होता आणि मधला भाग किती, यावर मेटलचा आवाज ठरतो. नंतर अॅम्प्लिफायरच्या बासच्या बटणाने तो दोष निघत नाही, कारण लगदा झालेला असतो आणि बटण फक्त त्याचा रंग बदलते. ट्यूब स्क्रीमरसारखी पेडल कित्येक मेटलवादक डिस्टॉर्शनसाठी न वापरता तिचे ड्राइव्हचे बटण शून्याजवळ ठेवून अॅम्प्लिफायरच्या आधी जोडतात, ते याचसाठी. ती पेडल मंद्र भाग छाटून मधला भाग पुढे करते. पिकअपही हेच काम करतो, आणि त्याच्याकडे आवाज गाळणारी पहिली चाळणी म्हणून पाहिले की निवडीचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

दुसरी समजूत आकड्याची. दुकानात आणि जाहिरातीत पिकअपचा जोर किलोओहममध्ये सांगितला जातो: १९५० च्या दशकातल्या धाटणीचा हंबकर ८ च्या आसपास, सेमूर डंकनचा प्रसिद्ध जेबी १६ च्या वर, आणि ऐकणारा समजतो की दुसरा दुप्पट जोराचा. हा आकडा मल्टिमीटरने मोजलेल्या वायरच्या रोधाचा आहे, म्हणजे वायर विजेला किती अडवते त्याचा. आवाजाचे मोजमाप त्यात नाही. ४२ गेजच्या वायरऐवजी ४४ गेजची अधिक बारीक वायर घेऊन तेवढ्याच लांबीचे तेवढेच वेढे दिले, तर रोध सुमारे १.६ पट होतो, ८ किलोओहमचा पिकअप पावणेतेरा दाखवू लागतो आणि मिळणारा दाब जवळजवळ तोच राहतो. तांब्याचा रोध तापमानासोबतही वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के, त्यामुळे वातानुकूलित दुकानात २० अंशांवर ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ८.६ दाखवेल आणि वाजेल तसाच. वायरचे गेज आणि बांधणी सारखीच असताना दोन पिकअपांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही.

खरी माहिती देणारी राशी म्हणजे प्रवर्तकता. वेटोळे बदलत्या प्रवाहाला किती विरोध करते याचे ते माप असून ते हेन्री या एककात सांगतात. वेढे वाढवले की दाब वाढतो, पण प्रवर्तकता त्याहून झपाट्याने वाढते. ही प्रवर्तकता आणि केबलची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची तिची क्षमता, मिळून एक अनुनादबिंदू ठरतो. त्या वारंवारतेवर आवाज उठून दिसतो आणि तिच्या वर तो झपाट्याने मावळतो. केबल आणि वायरिंग मिळून ७०० पिकोफॅरड धरले, तर ४.५ हेन्रीच्या साध्या हंबकरचा अनुनाद सुमारे २८०० हर्ट्झवर येतो आणि ८ हेन्रीच्या जोरकस पिकअपचा सुमारे २१०० वर. जादा जोराची किंमत अशी तारसप्तकातल्या स्पष्टतेत मोजावी लागते. ज्याचा आवाज आधीच घोगरा आहे त्याने आणखी जोरकस पिकअप बसवला तर घोगरेपणा वाढतो, आणि हा अनुभव घेतलेला वादक बहुधा त्याचा दोष लाकडाला देतो. लांबलचक केबलऐवजी आखूड केबल वापरणे, किंवा कोणी स्वस्तात २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट बसवला असेल तर तो काढून हंबकरसाठी रूढ असलेला ५०० चा बसवणे, या अल्प खर्चाच्या दुरुस्त्या नवा पिकअप मागवण्याआधी करून पाहायलाच हव्यात.

चुंबकाविषयीचे मत तर म्हणीसारखे फिरते: सिरॅमिक कर्कश, अॅल्निको मुलायम. अॅल्निको हा अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. सिरॅमिक म्हणजे फेराइट. जोरकस वाइंडिंगच्या पिकअपमध्ये उत्पादक बहुधा सिरॅमिक वापरतात, त्यामुळे वाइंडिंगचा गुणदोष चुंबकाच्या नावावर जमा होतो. जेबीत अॅल्निको ५ आहे आणि त्याला कोणी मुलायम म्हणत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे सक्रिय पिकअपविना मेटल होत नाही ही समजूत मोठ्या नावांमुळे पसरली. जेम्स हेटफिल्ड यांच्या गिटारमधील ईएमजी ८१ आणि ६० ही जोडी सर्वपरिचित आहे. पण सक्रिय पिकअपचा जोर चुंबकातून येत नाही. त्यातल्या वेटोळ्याला वेढे तुलनेने कमी असतात, म्हणून अनुनाद उंचावर राहतो, आणि दाबाची भरपाई पिकअपच्या पेटीतच बसवलेला छोटा प्रवर्धक ९ व्होल्टच्या बॅटरीवर करतो. या प्रवर्धकामुळे केबलच्या लांबीचा आवाजावर फारसा परिणाम होत नाही, हा त्याचा खरा लाभ. हाताचा हलका-जड आघात त्यात कमी उमटतो असे अनेक वादकांना वाटते. वेगवान, एकसारख्या ठोक्यांसाठी ते सोयीचे आणि भावपूर्ण एकल वादनासाठी कधी गैरसोयीचे. शिवाय त्याला २५ किलोओहमचे पॉट लागतात, बॅटरीसाठी गिटारच्या पोटात जागा लागते, आणि केबल जॅकमध्ये तशीच ठेवली तर वाद्य भिंतीला टेकून असतानाही बॅटरी संपत राहते.

इतिहास मात्र दुसऱ्या बाजूने अधिक बोलका आहे. ब्लॅक सबाथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात टोनी आयोमी यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बिघडला आणि त्यांनी पी-९० जातीचे, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप असलेली गिब्सन एसजी हाती घेतली. ज्या आवाजापासून मेटलची गणना सुरू होते तो हंबकरचासुद्धा नव्हता. पँटेराचे डाइमबॅग डॅरेल बिल लॉरेन्स यांच्या एल-५००एक्सएल या निष्क्रिय, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या पिकअपवर वाजवत, आणि आठ तारांची गिटार रूढ करणाऱ्या मेशुगाचा लुंडग्रेन पिकअपही निष्क्रियच आहे. खोक्यावरचे मेटल हे लेबल विक्रेत्याची वर्गवारी सांगते. वाद्याचे ट्यूनिंग, तारांची जाडी आणि अॅम्प्लिफायरचा स्वभाव यांची दखल त्यात असूच शकत नाही.

गोंगाटाबाबत गल्लत वेगळ्याच प्रकारची होते. हंबकरमधील दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळलेली आणि उलट चुंबकध्रुवांची असतात, म्हणून तारेचा संकेत बेरजेत येतो आणि दोघांत सारखाच शिरलेला बाहेरचा चुंबकीय गोंगाट, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण, वजाबाकीत जातो. तारांवर हात ठेवताच कमी होणारी चरचर मात्र विद्युतक्षेत्रातून येते आणि तिचा उपाय गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवणे, तिला अर्थ देणे आणि खोलीतले अर्थिंग तपासून घेणे हा आहे. भरपूर गेनवर येणारी कर्कश शीळ ही आणखी तिसरीच गोष्ट: वेढे सैल असले की ते स्वतःच कंप पावतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागू लागतो. ते टाळण्यासाठी वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून घेतात. जुन्या धाटणीचे काही पिकअप मुद्दाम मेणाविना बनवले जातात, आणि मेटलसाठी निवड करताना ही एक बाब किलोओहमच्या आकड्यापेक्षा अधिक काळजीने विचारून घ्यावी.

पिकअप काढण्याआधी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन करायचे एक काम उरते, आणि त्यातच पुष्कळांची तक्रार मिटते. सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी, तिच्या तळाचे ब्रिजकडील पिकअपच्या खिळ्यापासूनचे अंतर मोजावे आणि २ मिलिमीटरपासून सुरुवात करून बाजूचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत पाम म्यूट ऐकावा. जाड तारांची बाजू थोडी खाली आणि बारीक तारांची थोडी वर ठेवली की मंद्र भाग आवरला जातो, आणि हा बदल छाटणीच्या आधी घडत असल्यामुळे अॅम्प्लिफायरच्या बटणापेक्षा त्याचा परिणाम अधिक मुळाशी जातो.

तरीही पिकअप बदलायचाच ठरला तर तो कोणत्या जागेचा आहे ते पाहावे. ब्रिजजवळ तार कमी हलते म्हणून तिथला पिकअप जास्त वेढ्यांचा करतात, आणि तोच नेकजवळ बसवला तर आवाज घुमतो. शेवटी सोल्डरिंगच्या वेळी वायरच्या रंगांवर विसंबू नये, कारण प्रत्येक उत्पादकाचा संकेत निराळा असतो: डिमार्झिओच्या पिकअपमध्ये संकेताची वायर लाल असते आणि काळी-पांढरी एकत्र जोडतात, तर सेमूर डंकनमध्ये संकेताची काळी असते आणि लाल-पांढरी एकत्र येतात, हिरवी दोन्हींत अर्थला जाते. दोन कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारमध्ये बसवले आणि स्विच मधल्या जागी आणताच आवाज पातळ व नाकात बोलल्यासारखा झाला, तर दोघांचे फेज उलट आहेत असे समजावे आणि त्यांपैकी एकाच पिकअपची संकेताची आणि हिरवी वायर आपसांत बदलावी, मात्र उघडी संरक्षक वायर अर्थलाच ठेवावी.