जुन्या घाटाचे लोकरी विणकाम : चंदीगढचे उदाहरण

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगढ शहरात हिवाळा दोन-अडीच महिन्यांचाच असतो. पण तो चांगलाच कडक असतो. जानेवारीत पहाटेचे तापमान सहा-सात अंशांपर्यंत उतरते आणि धुके पडले म्हणजे दुपारीही ऊब येत नाही. अशा हवामानात स्वेटर ही गरजेची वस्तू ठरते. हाताने विणलेल्या स्वेटरची परंपरा या शहरात कशी रुजली, ती क्षीण का झाली, आणि जुन्या घाटाचे कपडे आज पुन्हा विणावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी येतात, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

सुयांवरचे विणकाम भारतात सार्वत्रिक झाले ते एकोणिसाव्या शतकात. मिशनरी शाळा आणि युरोपीय कुटुंबे यांच्या द्वारे ते मुलींच्या शिक्षणात शिरले. पंजाबात त्याला दोन गोष्टी अनुकूल होत्या. एक म्हणजे थंडी, आणि दुसरी म्हणजे लोकरीचा पुरवठा. गुरदासपूर जिल्ह्यातील धारीवाल येथे १८८० मध्ये लोकरीची गिरणी निघाली आणि पुढे तिचा धागा उत्तर भारतातील घराघरांत पोचला. लुधियाना येथे काश्मिरी शालींच्या कारागिरांची वस्ती पूर्वीपासून होतीच. तेथे यथाकाल होजिअरीचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

चंदीगढ हे त्या मानाने फार तरुण शहर. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतीय पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ पासून या शहराचा आराखडा सिद्ध केला. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पश्चिम पंजाबातून विस्थापित झालेली अनेक कुटुंबे आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरवर्ग यांनी हे शहर भरले. बरोबर आणलेले सामान थोडे असले तरी हातातली कला कोणी हिरावून घेऊ शकत नाही. बंगल्यांपुढील हिरवळीवर, चाळवजा घरांच्या मागील अंगणात आणि शाळांच्या पटांगणात हिवाळ्याच्या उन्हात सुया चालवणाऱ्या स्त्रिया हे या शहराचे नित्याचे दृश्य होऊन बसले. मराठीत आपण ज्याला टाका म्हणतो त्याला तेथे ‘फंदा’ म्हणतात आणि सुईला ‘सलाई’. पण सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर सारे काम उभे असते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

उसवणे आणि पुन्हा विणणे

लोकर महाग होती. त्यामुळे स्वेटर हा कायमचा कपडा न राहता लोकर साठवण्याचा एक प्रकार होऊन बसला. मुलगा वाढला, कोपर झिजले किंवा घाट जुना झाला की स्वेटर उसवावयाचा. प्रथम शिवण मोकळी करून पाठ, पुढचा भाग व बाह्या वेगळ्या करावयाच्या; नंतर जेथे टाके बंद केले असतील त्या कडेपासून धागा ओढीत जावयाचे. निघालेला धागा कुरळा असतो. त्याच्या लड्या करून, धुऊन, खाली हलकेसे वजन बांधून वाळवल्या म्हणजे तो पुष्कळसा सरळ होतो. मग त्याचे गुंडे करून नवे विणकाम सुरू करता येते. वडिलांच्या स्वेटरमधून मुलाचा, मुलाच्या स्वेटरमधून मोजे आणि उरल्यासुरल्या रंगीत तुकड्यांतून पट्ट्यापट्ट्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर, असा हा क्रम असे.

या काटकसरीचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. जो स्वेटर उत्तम लोकरीचा असे, तोच पुन्हा विणण्यासाठी उसवला जाई. त्यामुळे जुन्या काळचे चांगले नमुने वस्तुरूपाने फारसे शिल्लक राहिले नाहीत. ते राहिले विणणारीच्या हातात आणि स्मरणात. शेजारीण शेजारणीच्या स्वेटरची वीण पाहून घेई आणि घरी येऊन तशी विणी. ती कागदावर क्वचितच उतरे. हिंदी मासिकांच्या हिवाळी विणकाम विशेषांकांनी पुष्कळ नमुने छापले हे खरे. तथापि छापलेल्या नमुन्यात प्रत्येक घराने केलेले फेरफार त्यात नसत. म्हणजे ज्या व्यवहाराने ही कला घरोघर जिवंत ठेवली, त्यानेच तिचा पुरावाही पुसून टाकला. हात चालते होते तोवर याची झळ जाणवली नाही.

साखळी कोठे तुटली?

पुढे धाग्याचे स्वरूप बदलले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लोकरीऐवजी अ‍ॅक्रिलिक हा कृत्रिम धागा बाजारात सर्वत्र झाला. तो स्वस्त, रंगाला पक्का आणि कसरीपासून सुरक्षित असतो. लुधियानाचे यंत्रावर विणलेले स्वेटर तर त्याहूनही सोयीचे ठरले. धारीवालची गिरणी ज्या कंपनीच्या मालकीची होती, तिचे १९८१ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. पण पुढील काळात ती डबघाईस आली.

यंत्रावरचे पुष्कळ स्वेटर विणलेल्या कापडाचे तुकडे कापून शिवलेले असतात. असा स्वेटर उसवला तर सलग धागा हाती न येता प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा निघतो. त्यामुळे तो पुन्हा विणता येत नाही. पुन्हा विणण्याची गरज संपली, तशी मुलींनी आईकडून वीण शिकण्याची गरजही कमी झाली. ज्या स्त्रियांच्या स्मरणात हे नमुने होते त्या आता वृद्ध आहेत, किंवा हयात नाहीत. जुन्या घाटाच्या कपड्यांची आवड तरुण पिढीत अलीकडे पुन्हा दिसते. पण ती नेमकी अशा वेळी आली आहे, जेव्हा विचारावे कोणाला हा प्रश्न बिकट झाला आहे.

छापील नमुना वाचताना

मग उरतात ते छापील नमुने. त्यांतील बरेचसे ब्रिटिश वळणाचे असून १९३० ते १९५० या काळातील आहेत. त्या वेळचा स्त्रियांचा स्वेटर अंगाबरोबर बसणारा, कमरेपर्यंतच लांब आणि खाली रुंद बॉर्डरचा असे. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ या काळात कपड्यांवर नियंत्रण होते; त्यामुळे कमी लोकरीत बसेल असा घाट तेव्हा विशेष रूढ झाला. असा नमुना जसाच्या तसा विणला तर तो फसण्याचा संभव फार. त्याची कारणे तीन.

पहिले कारण सुयांच्या क्रमांकाचे. भारतात जुनी ब्रिटिश पद्धत रूढ आहे. तीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर १० क्रमांकाची ३.२५ मिलिमीटरची. अमेरिकन पद्धतीत याच्या उलट असते. तेथील १० क्रमांकाची सुई ६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. नमुना कोणत्या देशाचा आहे हे प्रथम पाहावे आणि सुई मिलिमीटरमध्ये ठरवावी.

दुसरे कारण धाग्याच्या जाडीचे. जुने नमुने बहुधा तीनपदरी किंवा चारपदरी बारीक लोकरीचे असतात. चारपदरी धाग्याचे १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २८ टाके बसतात. आज सर्रास मिळणाऱ्या जाड धाग्याचे २२. समजा, ८६ सेंटिमीटर छातीच्या नमुन्यात पुढचे व मागचे मिळून २४० टाके दिले आहेत. जाड धाग्याने तितकेच टाके घातले तर घेर १०९ सेंटिमीटर होईल. उंचीचेही तसेच. मुंढ्याच्या ७२ ओळी बारीक धाग्यात २० सेंटिमीटर भरतात, तर जाड धाग्यात सुमारे २४. म्हणून आधी हातभर लांबीचे काम न करता एक छोटा चौकोन विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच टाके मोजावेत.

तिसरे कारण अंगमापाचे. नमुन्यातील माप हे त्या काळच्या बांध्याचे आहे. ज्या व्यक्तीसाठी विणावयाचे तिचे माप घेऊन, त्याला १० सेंटिमीटरमधील टाक्यांनी गुणून १० ने भागावे. १०० सेंटिमीटर घेरासाठी २८ टाक्यांच्या विणीत २८० टाके लागतील. या आकड्याला विणीच्या पुनरावृत्तीने पूर्ण भाग जातो की नाही हेही पाहावे. अन्यथा वेणीची किंवा जाळीची वीण शिवणीपाशी अर्धवट तुटते.

धाग्याच्या जातीचाही विचार हवा. खरी लोकर ओली असताना ताणून, टाचण्या लावून वाळवली तर दिलेला आकार धरते. अ‍ॅक्रिलिक तसे धरत नाही. आणि त्यावर गरम इस्त्री फिरवल्यास त्याची लवचीकता कायमची जाते. अंगाबरोबर बसणाऱ्या जुन्या घाटाला लवचीक बॉर्डर आवश्यक असते, म्हणून शक्य तर लोकर किंवा लोकरमिश्रित धागाच घ्यावा.

क्रोशाची कामे

क्रोशाची गोष्ट थोडी निराळी. सुयांवर सर्व टाके एकाच वेळी उघडे असतात. क्रोशात आकड्यावर बहुधा एकच टाका असतो आणि साखळी व खांब यांच्या मेळातून आकृती उभी राहते. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसने असंख्य कुटुंबांना तारले. आंध्रातील नरसापूर येथे मिशनऱ्यांनी रुजवलेली ही कला आजही हजारो स्त्रियांच्या हातात आहे आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या घाटाच्या गळपट्ट्या, हातमोजे, बटवे यांसाठी क्रोशाच योग्य. येथेही शब्दांचा घोटाळा आहे. ब्रिटिश नमुन्यातील ‘डबल’ टाका म्हणजे अमेरिकन नमुन्यातील ‘सिंगल’ टाका. हा भेद ध्यानात न घेतल्यास गळपट्टी दीडपट-दुप्पट रुंद होऊन बसते.

उसवण्यापूर्वी

छापील नमुन्यापेक्षाही विश्वसनीय साधन म्हणजे ट्रंकेत राहून गेलेला एखादा जुना स्वेटर. तो उसवण्यापूर्वी किंवा देऊन टाकण्यापूर्वी तासभर खर्च केला तर त्याची संपूर्ण रचना कागदावर उतरवता येते. स्वेटर सपाट पसरून छाती, उंची, मुंढा, बाही व गळा यांची मापे घ्यावीत. १० सेंटिमीटरमधील टाके आणि ओळी तीन ठिकाणी मोजाव्यात. बॉर्डरच्या ओळी वेगळ्या लिहाव्यात. मुंढ्याशी आणि गळ्याशी टाके कोठे घटवले आहेत हे आतील बाजूने स्पष्ट दिसते. तेथील प्रत्येक ओळ नोंदवावी. विणीची आकृती चौकटीच्या कागदावर काढावी : एक चौकट म्हणजे एक टाका, सुलट टाक्याला कोरी, उलट टाक्याला ठिपका. शेवटी, विणणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडून एक ओळ प्रत्यक्ष विणवून घ्यावी. धागा बोटाभोवती कसा घ्यावा, किती ओढावा, हे मोजपट्टीने कळत नाही.

एवढे टिपण हाती असले, म्हणजे मग स्वेटर खुशाल उसवावा आणि त्याच लोकरीतून नव्याने विणावा.