टी-आरएनएची जनुके : इतक्या प्रती कशासाठी?

प्रथिन तयार होताना संदेशवाहक आरएनएवरील तीन अक्षरी संकेत ओळखून नेमके अमिनो आम्ल रायबोसोमपाशी आणण्याचे काम ट्रान्सफर आरएनए, म्हणजेच टी-आरएनए करतो. अमिनो आम्लांचे संकेत ६१ आहेत. संकेताच्या तिसऱ्या अक्षराची जुळणी सैल असू शकते, असे फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ मध्ये सुचवले. म्हणजे ६१ पेक्षा कमी प्रकारचे टी-आरएनए पुरतात. तरीही माणसाच्या पेशीकेंद्रकात त्यांची चारशेहून अधिक जनुके आहेत. असे का?

प्रथिनाच्या जनुकाची एकच संदेश-प्रत अनेकदा वाचली जाते व तिच्यापासून पुष्कळ प्रथिन-रेणू बनतात. टी-आरएनएच्या बाबतीत मात्र जनुक एकदा वाचले की एकच रेणू मिळतो. मागणी तर प्रचंड! म्हणून जनुकाच्या प्रती अनेक.

या प्रती गुणसूत्रांवर समप्रमाणात वाटलेल्या नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी जनुकसंचाच्या मसुद्यात त्यांपैकी निम्म्याहून अधिक १ व ६ या दोनच गुणसूत्रांवर आढळल्या. सहाव्या गुणसूत्रावरील सुमारे ४० लाख अक्षरांच्या पट्ट्यात तर एकूण जनुकांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक दाटीने बसलेली आहेत. शेजारी असली तरी ती स्वतंत्रपणे वाचली जातात, कारण वाचन सुरू करणारी खूण प्रत्येक जनुकाच्या पोटातच असते. प्रत दुसरीकडे गेली, तरी ही खूण तिच्याबरोबर जाते.

तंतुकणिकेतील व्यवस्था याउलट आहे. माणसाच्या तंतुकणिकेच्या १६,५६९ अक्षरी डीएनएत टी-आरएनएची २२ जनुके आहेत आणि प्रत्येक एकदाच. ती इतर जनुकांच्या मध्ये विरामचिन्हांसारखी बसतात. लांबलचक आरएनए त्यांच्याच जागी कापला जातो. येथे ३२४३ व्या स्थानी ए ऐवजी जी आला, तर ल्युसिनचा टी-आरएनए बिघडतो. असा डीएनए पेशींत किती प्रमाणात आहे, त्यानुसार मधुमेह, बहिरेपणा किंवा पक्षाघातासारखे झटके संभवतात.

मग केंद्रकातील जादा प्रती म्हणजे निव्वळ राखीव साठा का? तसेही नाही. उंदरात आर्जिनिनच्या एका टी-आरएनएची पाच जनुके आहेत. त्यांतील एक खास चेतासंस्थेत काम करते. हे जनुक बिघडले आणि अडलेल्या रायबोसोमला सोडवणारे एक प्रथिनही नसले, तर रायबोसोम अडून पडतात व चेतापेशी मरतात, असे सुझन ॲकरमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. चार प्रती शाबूत असूनही उणीव भरून निघत नाही. जनुकाच्या प्रती किती, याबरोबरच कोणती प्रत कोणत्या ऊतीत वाचली जाते, हेही म्हणूनच पाहावे लागते.