खुंटी बळकट, दात दुबळा

मराठीच्या प्राध्यापकाने दातांवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याचाच समोरचा दात जावा, म्हणजे विषय आपण होऊन दाराशी आला म्हणायचा!

कॉलेजात असताना मी सायकलवरून पडलो आणि वरचा पुढचा दात अर्धाअधिक तुटला. रूट कॅनॉल झाले. आता काय बसवू, असे दंतवैद्यांनी विचारताच मी ऐटीत म्हणालो, "सगळ्यांत बळकट असेल ते!" त्याप्रमाणे मुळात धातूची जाड खुंटी बसली आणि तिच्यावर टोपी चढली. पुढे कित्येक वर्षे त्या दाताने मी पेरू खाल्ले, ऊस सोलला. 2019 च्या जानेवारीत आमच्या यवतमाळला साहित्य संमेलन झाले. मागोमाग संक्रांत आली आणि तिळगुळाचा लाडू फोडताना दात हलला. क्ष-किरणांच्या चित्रात खुंटी जशीच्या तशी. मूळ मात्र उभे चिरलेले! दात काढावा लागला.

यंदा माझ्या मुलीचा तसाच दात खो-खो खेळताना तुटला. नस उघडी पडल्याने तिचेही रूट कॅनॉल झाले. मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, "पैशांकडे पाहू नका. भक्कम खुंटी बसवा."

"सर, तुमचा दात कशानं गेला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "खुंटीनं दात बळकट होत नाही. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते. शिवाय तिच्यासाठी मूळ कोरावं लागतं, तेवढं ते दुबळंच होतं."

मी निरुत्तर झालो. मग विद्यार्थ्यासारखा वाचायला बसलो.

रूट कॅनॉल झालेला दात वाळून ठिसूळ होतो, अशी आपली समजूत. खरी उणीव असते ती गेलेल्या भागाची. किडीने, अपघाताने, कोरण्याने जेवढे गेले, तेवढा दात कच्चा. त्यातून दाढेवर भार बहुतेक उभा पडतो, पुढच्या दातावर मात्र तिरपा. म्हणूनच प्रयोगशाळेत काढलेले दात ठोकळ्यात रोवतात, बहुधा 135 अंशांच्या कोनातून त्यांवर भार देतात आणि कितीला मोडले ते टिपतात. पण नुसता आकडा पाहून भागत नाही. दात कसा मोडला, हेही पाहावे लागते.

धातूच्या खुंट्या जुन्या. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 साली त्यांबद्दल लिहून ठेवले आहे. पण पोलाद दाताच्या गाभ्यापेक्षा सुमारे दसपट ताठ. दात किंचित लवतो, खुंटी लवत नाही. सारा ताण मुळावर येतो आणि मूळ चिरते. 1990 च्या सुमारास धाग्यांच्या खुंट्या आल्या. आज काचेच्या धाग्यांची पांढरी खुंटी मिळते. तिचा लवचिकपणा दाताच्या बराच जवळचा. ती सुटते किंवा मोडते, पण मूळ बहुधा वाचते आणि दुरुस्तीला वाव राहतो.

खुंटी कोणतीही असो, हिरडीच्या वर चहूबाजूंनी निरोगी दाताची सुमारे 2 मिलीमीटर उंचीची भिंत उरलेली हवी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशी टोपी त्या भिंतीला धरते. भिंतच नसेल तर टोपी धरणार कशाला?

मुलीचा दात पुष्कळ शिल्लक होता. तिला ना खुंटी लागली ना टोपी. चिकटणाऱ्या पांढऱ्या कंपोझिटने कोपरा भरून काढला. तुटलेला तुकडा दुधात किंवा पाण्यात ठेवून आणला असता, तर कदाचित तोच चिकटवता आला असता. तो मात्र मैदानातच राहिला.

तेव्हा वाचकहो, दंतवैद्याकडे गेलात तर ‘सर्वांत बळकट काय?’ असे विचारू नका. ‘माझा दात किती उरला आहे आणि त्यातला किती वाचेल?’ असे विचारा. अस्सल ते जपावे, उसने बेताने घ्यावे. भाषेच्या तासाला मी हेच शिकवत आलो. स्वतःच्या तोंडात मात्र ते उशिरा उतरले.

या दिवाळीत आमच्याकडे कडक लाडू फोडण्यासाठी फराळाच्या ताटाशेजारी खलबत्ता ठेवला आहे!