बोअरचे पाणी कोणाचे?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या बागेत एक पाटी होती : ‘या बागेसाठी बोअरचे पाणी वापरले जाते.’ ती लावण्याची सूचना माझीच. त्या उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली होती आणि रस्त्यावरून जाणारी माणसे आमच्या हिरव्यागार लॉनकडे वाकड्या नजरेने पाहू लागली होती. कमिटीच्या बैठकीत मी म्हणालो, ‘‘एकदाचे लिहूनच टाका. पाणी आपले आहे, पालिकेचे नाही.’’

त्याच मे महिन्यात मागच्या वस्तीतला पालिकेचा हातपंप कोरडा पडला. तिथून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले, ‘‘काका, तुमच्या बोअरला अजून आहे का हो पाणी?’’ आमची बोअर आणि तो हातपंप यांचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण तो नाही, असे छातीठोकपणे सांगणेही मला जमेना. पाणी ‘आपले’ असते म्हणजे काय, हे शोधायला मी तेव्हा कायद्याची पुस्तके उघडली.

‘आपले’ या शब्दाचे मूळ दूर, इंग्लंडमधल्या लँकेशायरात सापडते. तिथे एका कापड गिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. १८४३ मध्ये ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. नदी दिसते, तिचा प्रवाह कळतो, म्हणून काठावरच्या सर्वांचे हक्क ठरवता येतात. जमिनीखालचे पाणी कुठून कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा ज्याची जमीन, त्याचे खालचे पाणी. हाच विचार १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरला. ठरावीक प्रवाहात न वाहणारे भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा मालकाचा हक्क त्याच्या सातव्या कलमाच्या एका उदाहरणात मांडलेला आहे. मुंबई इलाख्याला हा कायदा १८९१ पासून लागू झाला. म्हणजे माझ्या पाटीमागे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे अज्ञान उभे होते.

आता ते अज्ञान उरलेले नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. या दगडात वाळूसारखे पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत साठते. भेगा कुंपण मानत नाहीत. शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर आणि आपली साडेतीनशे फुटांची बोअर एकाच भेगजाळ्यावर असू शकतात, आणि असल्या तर ज्याचा पंप खोल, त्याची सरशी होते.

या वास्तवाची दखल आपल्या राज्याने १९९३ च्या भूजल कायद्यात घेतली. त्याचा हेतू पिण्याचे पाणी राखण्याचा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, हा पहिला नियम. दुसरा टंचाईचा : पाऊसमान आणि भूजलपातळी पाहून एखादे क्षेत्र टंचाईग्रस्त जाहीर झाले, की अशा स्रोतापासून एक किलोमीटरच्या आतल्या कोणत्याही विहिरीचा उपसा मर्यादित करता येतो किंवा थांबवता येतो. विहीर या शब्दात बोअरही आली. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने १९९३ च्या कायद्याची जागा घेतली. पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाचा गाभा त्यात कायम राहिला. शिवाय अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास त्याने मनाई केली.

इथे माझी नजर व्याख्येवर अडली. सार्वजनिक स्रोत म्हणजे शासन किंवा स्थानिक संस्था जिथून लोकांना पाणी देते ती विहीर. मागच्या वस्तीतला हातपंप पालिकेचाच होता आणि आमच्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, टंचाई जाहीर झाली असती तर आमच्या पाटीला काडीचाही अर्थ उरला नसता. ती झाली नव्हती, म्हणून आम्ही नियमात होतो. पण हातपंप कोरडा पडायला घोषणा लागत नाही.

मग मी साधा हिशेब केला. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर एका चौरस मीटरला पाच लिटर होते. आमचे लॉन १०० चौरस मीटरचे. म्हणजे रोज ५०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर धरतात. आमचे गवत रोज नऊ माणसांचे पाणी पीत होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनने हा प्रश्न आमच्याआधी सोडवला होता. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. बोअर असलेल्या घरांवर तिथेही आमच्यासारख्या पाट्या होत्या. पण तेवढ्यावर भागत नव्हते. बोअरचे पाणी बागेला घालायचे तर फक्त मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, आणि जास्तीत जास्त एक तास. त्यामागे १९९८ चा त्यांचा जलकायदा होता. त्याने पाण्यावरची खासगी मालकी संपवून शासनाला जनतेच्या वतीने विश्वस्त केले. घरगुती वापराची, छोट्या बागेची मुभा ठेवली. पण ती मुभा आहे, मालकी नव्हे.

फरक इथेच आहे. आपला कायदा टंचाई जाहीर झाल्यावर मालकाचा हात धरतो. तो दुसरा कायदा मुळातच विचारतो, की याच थरातून आणखी कोण पितो? बोअर आपली, पंप आपला, विजेचे बिल आपले. पाण्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

पुढच्या बैठकीत हा हिशेब मी वाचून दाखवला. वाद झाला. ‘‘आपण एकट्यांनी बंद करून काय होणार?’’ असे एकाने विचारले, आणि ते चूक नव्हते. अखेर ठरले ते एवढेच : मार्च ते जून लॉनला पाणी नाही, झाडांना आरओच्या यंत्रातून वाया जाणारे आणि भाज्या धुतलेले पाणी. लॉन पिवळे पडले. पहिल्या पावसानंतर ते पुन्हा हिरवे झाले, कारण गवत मरत नाही, वाट पाहते.

पाटी मी स्वतः काढली. मावशींना दिलेले उत्तर मात्र अजून अपुरेच आहे : आमच्या बोअरला पाणी आहे, ते फक्त आमचे नाही.