प्रेक्षागृहातील श्रावक

पेण आणि रोहा या दोन गावांतील कुटुंबाला नाटक पाहायचे असेल, तर आधी प्रवासाची आखणी करावी लागते. पेणहून पनवेल सुमारे ३५ किलोमीटर. रोह्याहून त्याच्या दुपटीहून अधिक. पनवेलचे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह किंवा त्याही पलीकडे वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह गाठायचे, म्हणजे गाडीची सोय, परतीची वेळ, घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची व्यवस्था हे सारे आधी पाहावे लागते. अलिबागच्या पीएनपी नाट्यगृहाला जून २०२२ मध्ये आग लागली, तेव्हा एका वास्तूची हानी तर झालीच. शिवाय रायगड जिल्ह्यातील प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातील अंतरही तेवढ्या काळापुरते वाढले.

जैन कुटुंबाच्या आखणीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सूर्यास्त. रविवारी दुपारी चारच्या सुमारास सुरू होणारा प्रयोग हिवाळ्यात संपतो तेव्हा बाहेर अंधार पडलेला असतो. चौविहार सांभाळणाऱ्या घरातील सासूबाई म्हणूनच खाकरे, ठेपले आणि पाण्याची बाटली बरोबर घेतात आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत दिवसाचे शेवटचे अन्नपाणी उरकतात. उपाहारगृहापुढे बटाटेवड्यासाठी रांग लागलेली असते आणि एका कोपऱ्यात हा डबा शांतपणे उघडलेला असतो. करमणुकीला जातानाही नियम घरी ठेवून जायचे नसतात, हे सोबतची नात कोणी न सांगता शिकते.

एवढा खटाटोप करून माणसे जातात कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि तिथे जाऊन ती नेमके काय पाहतात, हा त्याहून महत्त्वाचा.

दोन प्रकारचे प्रेक्षक

प्रेक्षागृहात साधारणपणे दोन प्रकारची माणसे बसलेली असतात. पहिला नैमित्तिक प्रेक्षक. शेजाऱ्यांनी तिकिटे काढली, पाहुणे आले, कोणाचा वाढदिवस होता, म्हणून तो आलेला असतो. नाटककाराचे नाव त्याला आठवेलच असे नाही. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारा चेहरा प्रत्यक्ष पाहायला मिळणार, एवढे त्याला पुरेसे असते. दुसरा निष्ठावंत. आपल्या आवडत्या नटाचे एकही नाटक तो चुकवत नाही. तेच नाटक तो चौथ्यांदा पाहतो, पुढचे वाक्य त्याला पाठ असते, आणि आजचा विराम मागच्या प्रयोगापेक्षा किंचित लांबला, हेही त्याच्या ध्यानात येते.

निष्ठावंताला नैमित्तिक प्रेक्षक उथळ वाटतो आणि नैमित्तिकाला निष्ठावंत वेडा वाटतो. मराठी रंगभूमी मात्र या दोघांच्या खांद्यांवर उभी राहिली आहे. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने पाच हजारांहून अधिक प्रयोगांचा पल्ला गाठला. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा नाट्यप्रयोग केला. असे आकडे केवळ निष्ठावंतांच्या बळावर उभे राहत नाहीत. त्यामागे आयुष्यात एकदाच ते नाटक पाहिलेली असंख्य माणसे असतात. पहिल्यांदा विनोद ऐकणाऱ्याचे हसू अस्सल असते; चौथ्यांदा ऐकणारा त्या हसण्यात आपले हसू मिसळतो. दोघे मिळून सभागृह भरते आणि नटाला बळ मिळते.

निष्ठेची उंची आणि तिची किंमत

मराठी प्रेक्षकांच्या निष्ठेचे सर्वांत मोठे मानकरी बालगंधर्व. १२ मार्च १९११ रोजी ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता आणि त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करण्याची तयारी असतानाही आलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते भामिनीच्या वेषात रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षकाला त्यांनी किती मोठे स्थान दिले होते, हे यावरून कळते.

पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे अग्रणी एका रंगमंचावर आले. दोघांचेही चाहते कट्टर. आपल्याच गायकाची सरशी व्हावी, या ईर्ष्येने आलेलेही त्यांत असणार. आजही त्या प्रयोगाची आठवण निघते ती कोण जिंकले म्हणून नव्हे. दोन मानी कलावंत एका मोठ्या कामासाठी एकत्र उभे राहिले म्हणून. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव गेले. ज्याने त्या रात्री केवळ आपल्या पक्षाच्या टाळ्या मोजल्या असतील, त्याच्या हातून पुन्हा कधीही न मिळणारी गोष्ट निसटली.

निष्ठेचा दोष इथे दिसतो. ती सूक्ष्म पाहायला शिकवते आणि त्याच वेळी डोळ्यांवर झापडही बांधते. आवडत्या नटाचे सारेच चांगले, दुसऱ्याचे सारेच उणे, असे म्हणू लागलेला रसिक नाटक पाहतच नसतो. तो आपल्याच अनुरागाकडे पाहत बसतो. जैन परिभाषेत याला राग म्हणतात, आणि रागाची सावली म्हणून द्वेष आपोआप मागे येतो.

जैन परंपरा काय सांगते?

नाट्याविषयी जैन परंपरेची भूमिका एका शब्दात सांगता येण्यासारखी नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाच्या अनर्थदंड विरमण व्रताचे विवेचन करताना कुतूहलापोटी गीत, नृत्य आणि नाटक पाहणे हा प्रमाद मानला आहे. त्यातील ‘कुतूहल’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही चालले आहे म्हणून डोकवावे, वेळ जात नाही म्हणून बसावे, असे विनाकारण पाहणे हा आयुष्याचा अपव्यय आहे, असा त्याचा रोख दिसतो.

पण त्याच हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र यांनी ‘नलविलास’सारखी नाटके लिहिली आणि गुणचंद्रांसमवेत ‘नाट्यदर्पण’ हा नाट्यशास्त्रावरील ग्रंथ रचला. यशःपालांचे ‘मोहराजपराजय’ हे रूपकात्मक नाटक थराद येथे कुमारविहारात महावीरस्वामींच्या यात्रोत्सवाच्या निमित्ताने रंगभूमीवर आले. गुरूने सावध केले आणि शिष्याने लेखणी उचलली. यात विसंगती नाही. निषेध निरर्थक पाहण्याचा होता, कलेचा नव्हता.

आगमांत याहून जुना प्रसंग येतो. ‘राजप्रश्नीय सूत्रा’त सूर्याभ देव भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारची नाट्ये सादर करण्याची अनुज्ञा मागतो. भगवान मौन राहतात. होकारही देत नाहीत आणि नकारही देत नाहीत. नाट्य सादर होते आणि अखेरच्या प्रकारात खुद्द भगवंतांचेच जीवन साकारले जाते. आपल्यावरचे नाट्य समोर चालू असताना ज्याच्या चित्तात तरंगही उठत नाही, तो प्रेक्षक त्या सभेतील सर्वांत मोठा. ती वीतरागता आपल्या आवाक्यातली नाही. पण दिशा कोणती, हे त्या मौनातून कळते.

नीलांजनेचे नृत्य

आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त भगवान ऋषभदेवांच्या राजसभेतील नृत्याची कथा आहे. नीलांजना नावाची अप्सरा नाचत असतानाच तिचे आयुष्य संपते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्या जागी हुबेहूब दुसरी नर्तकी उभी करतो. ताल चुकत नाही, सभेला काहीच कळत नाही. कळते ते एकट्या ऋषभदेवांना. त्या एका जाणिवेतून त्यांचे वैराग्य जागे होते. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या एका प्राचीन शिल्पपटात हा प्रसंग कोरला असल्याचे अभ्यासक मानतात.

सभेत सारेच पाहत होते. कोणी सहज आलेले असतील, कोणी नीलांजनेच्या नृत्याचे भक्त असतील. सहज आलेल्यांना फरक कळला नाही, कारण त्यांचे लक्ष नव्हते. भक्तांनाही तो कळला नाही. त्यांचे लक्ष रूपावर खिळले होते, आणि रूप तर तसेच होते. ज्याने आसक्तीशिवाय आणि पूर्ण एकाग्रतेने पाहिले, त्यालाच सत्य दिसले. कुतूहल आणि अनुराग यांच्या पलीकडे डोळस पाहण्याची तिसरी रीत असते, ती ही.

श्वेतांबर कथापरंपरेतील आषाढभूती मुनींची कथा याच्या पुढे जाते. मोदकांच्या मोहाने वेष बदलत गेलेला हा साधू शेवटी नटाच्या घरी राहून नट झाला. भरत चक्रवर्तींची भूमिका करताना आरसेमहालात बोटातील अंगठी गळून पडण्याचा प्रसंग आला आणि अभिनय करता करता तो खरा झाला; आषाढभूतींना केवलज्ञान प्राप्त झाले. सोबतच्या पाचशे जणांनीही दीक्षा घेतली, असे सांगतात. पुढे हे नाटक अन्यत्र दाखवले जाऊ लागले, तेव्हा पाहणारे क्षत्रियही दीक्षा घेऊ लागले आणि राज्याचे रक्षण कोण करणार, या भीतीने लोकांनी ते नाटकच जाळून टाकले, असाही कथेचा एक शेवट आहे. प्रेक्षक खरोखर पाहू लागला, तर नाटकाचे बळ केवढे असू शकते, हे सांगणारी याहून बोलकी कथा शोधूनही सापडायची नाही.

भावनेचा कार्यक्रम की गायकाचा?

हा विचार केवळ नाट्यगृहापुरता मर्यादित राहत नाही. चातुर्मास आणि पर्युषण, प्रतिष्ठा आणि दीक्षामहोत्सव अशा प्रसंगी लहान गावांतील संघातही आता मोठ्या शहरांतील गायक भावनेसाठी येतात. मंडप भरतो, तरुण मुले उत्साहाने पुढे बसतात. ज्यांना एरवी स्तवनाच्या दोन ओळी पाठ नसतात, तेही गाऊ लागतात. हा लाभ लहान नाही. सहज आलेला एखादा मुलगा अशाच रात्री धर्माशी जोडला जातो.

पण तिथेही तेच दोन धोके उभे असतात. कोणी केवळ गर्दी आहे म्हणून डोकावतो, तर कोणी त्या गायकाचाच भक्त होऊन परततो. आज कोण गाणार, हा प्रश्न आधी येतो आणि आज कोणत्या भगवंतांची भक्ती आहे, हा नंतर. हातातील मोबाइल गायकाच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो आणि प्रतिमेकडे पाठ झालेली असते. मोठ्या नावाचा गायक नसेल, तर गावातल्याच भगिनीमंडळाच्या साध्या स्तवनाला मोजकी माणसे उरतात. भक्तीचे माध्यम हळूहळू भक्तीचा विषय होऊन बसते. आणि हे इतक्या गोड सुरात घडते, की सभेला पत्ताच लागत नाही. नीलांजनेच्या जागी दुसरी नर्तकी येऊन नाचू लागावी, तसे भगवंतांच्या जागी दुसरे कोणी येऊन बसते.

यावर उपाय कार्यक्रम बंद करण्याचा नाही. पेणच्या मूर्तिशाळांत हात-पाय, वस्त्रे, दागिने सारे झाले, तरी डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती पुरी झाली असे कोणी म्हणत नाही. प्रेक्षकाचेही तसेच आहे. तिकीट, प्रवास, पहिल्या रांगेतील खुर्ची ही सारी तयारी. तिला पूर्णत्व येते ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने.

परतीच्या वाटेवर

दूरच्या गावांतील प्रेक्षकांना एक अनुकूलता आहे. शहरातील माणूस प्रयोग संपताच गर्दीत विरघळतो. पेण-रोह्याच्या कुटुंबासमोर परतीचा तासा-दीड तासाचा रस्ता असतो. दिवा-रोहा गाडीत किंवा मुंबई-गोवा महामार्गावरील मोटारीत हा वेळ मोबाइलवर दवडण्यापेक्षा काही साध्या प्रश्नांना द्यावा. आज कोण आवडले, एवढ्यावर न थांबता काय पटले आणि काय पटले नाही, हे मुलांना विचारावे. न आवडत्या पात्राची बाजू कोणाला मांडता येते का, हे पाहावे. एकाच प्रसंगाचे आजोबांना एक दिसले आणि नातीला दुसरे, असे आढळले, तर ते ऐकून घ्यावे. अनेकान्ताचा याहून सोपा पाठ दुसरा नसेल. भावनेहून परततानाही गायकाच्या आवाजाची वाखाणणी झाली, की एकदा स्तवनाचा अर्थ विचारावा.

‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा. ऐकणे आणि पाहणे यांना आपल्या परंपरेने साधनेची पहिली पायरी मानले आहे. कोणी वर्षातून एकदा नाटकाला जाईल, कोणी दर महिन्याला. कोणी सहज जाईल, कोणी आवडत्या नटासाठी रात्रीचा प्रवास करील. त्यात लहान-मोठे काही नाही. घरी येऊन दिवा मालवताना मनात नटाचा चेहरा राहिला की त्याने दाखवलेले माणसाचे जीवन राहिले, एवढे ज्याचे त्याने तपासावे.