काळ्या रानात तुटलेला ॲक्सल

मागच्या पावसाळ्यात धर्माबादजवळच्या एका पांदीत माझी जुनी जीप रुतली. काळ्या मातीच्या चिखलात मागचं एक चाक गरगर फिरत होतं आणि मी पाय दाबूनच होतो. फिरता फिरता चाकाला खालचा कडक मुरूम लागला आणि ‘खाड्’ असा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलेना. हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा आतला दांडा, तुटला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तो ओढून काढला, तेव्हा गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास सुटला. तुटलेलं तोंड फडक्यानं पुसलं. कडेला काळपट, गुळगुळीत पट्टा होता आणि त्यात बारीक वक्र रेषा, पूर ओसरताना गोदावरीच्या काठावर उमटतात तशा. उरलेला भाग खरबरीत आणि ताजा, चमकणारा. म्हणजे शाफ्ट त्या दिवशी तुटला नव्हता, कित्येक दिवसांपासून तुटत आला होता. पांदीत फक्त शेवटचा घाव बसला.

जीप-कारच्या बहुतेक अखंड मागच्या ॲक्सलात हाफ शाफ्टवर दोन कामं असतात. तो चाक फिरवतो आणि त्या बाजूचं वजनही पेलतो. वजनाने तो किंचित वाकतो, आणि फिरत असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याची एकच बाजू एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे धरले, तर लाखभर किलोमीटरमध्ये साडेचार कोटी वेळा. अशा ताण-दाबाने धातू थकतो आणि शेवटी तुटतो. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर रेल्वे इंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक माणसं गेली. धातू असा थकतो कसा, याचा पद्धतशीर अभ्यास पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवरच केला.

वेगाच्या गाड्यांत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ५०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो तिप्पट होतो, डिफरेन्शियलमध्ये आणखी साडेतीन पट. निम्मा निम्मा वाटला तरी प्रत्येक शाफ्टवर २६०० च्या वर जातो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला मिरचीची चाळीस किलोची साडेसहा पोती टांगावीत, इतका तो पीळ. तरीही साध्या टायरवर शाफ्ट सहसा वाचतो, कारण चाक घसरतं आणि जोर निघून जातो. ड्रॅग रेसचे रुंद, चिकट टायर घातले की निसटायची वाट बंद होते. माझ्या जीपला मुरमाने जे केलं, ते तिथे टायर करतो.

म्हणून अमेरिकेत मस्टँगसारख्या गाड्यांना अख्खा मागचा ॲक्सलच बदलून फोर्डचा ‘नाइन इंच’ बसवतात. १९५७ च्या मॉडेलांपासून आलेल्या या ॲक्सलाच्या क्राऊन व्हीलचा व्यास नऊ इंच असतो, आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, दोन्ही टोकांना बेअरिंगचा आधार असतो. जोर आला की बहुतेक पिनियन बाजूला ढकलले जातात आणि दाते मोडतात. हा जागचा हलत नाही. शाफ्टही २८ खाचांऐवजी ३१ खाचांचा, थोडा जाड घेतात. शाफ्टची पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाने वाढते. जाडी फक्त दहा टक्के वाढवली, की ताकद तेहतीस टक्के वाढते. मला यातलं सगळ्यात आवडतं गणित हेच.

पण नुसत्या जाडीपेक्षा शहाणा उपाय आपल्या मोंढ्यात उभा असतो. मिरचीची पोती उतरवणाऱ्या ट्रकचं मागचं चाक बघा. मधोमध एक बाहेर आलेली चकती आणि तिच्याभोवती बोल्टांचं कडं दिसेल. तिथे चाक शाफ्टवर बसलेलं नसतं. ते बेअरिंगवर, बाहेरच्या नळीवर बसलेलं असतं. बैलगाडीचा आख जसा स्वतः न फिरता भार पेलतो, तशी ही नळी वजन घेते, आणि आतला शाफ्ट फक्त पीळ घेतो. बोल्ट सोडले की भरल्या गाडीखालून, जॅक न लावता, शाफ्ट ओढून काढता येतो. याला ‘फुल फ्लोटिंग’ म्हणतात. कामं वाटली की तोच शाफ्ट जास्त टिकतो.

मजबूत ॲक्सल फुकट मिळत नाही. तो जड असतो, आणि ते वजन कमानपाट्यांच्या खाली असल्यामुळे खड्ड्यात चाक रस्ता लवकर सोडतं. ‘नाइन इंच’च्या पिनियनचे दाते जास्त घासतात, त्यात थोडी ताकद उष्णतेत जाते. शिवाय शाफ्ट तुटायचा थांबला, की पुढच्या वेळी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो, नाहीतर गिअरबॉक्स. आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही.

जीपमध्ये मी मूळ मापाचाच शाफ्ट बसवला. आता चिखलात चाक फिरायला लागलं की पाय काढतो, खाली उतरतो आणि चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो.