पोलंडचं वार्तापत्र : इंग्रजी बोलणारी पोलिश जीभ

व्रॉत्स्वाफ : माझ्या पासपोर्टवर जन्मगाव चिंचणी आहे. इथल्या सरकारी खिडकीवरच्या बाईंनी ते रोमन अक्षरांतून मोठ्यानं वाचलं, ‘हिनहानी’! त्यांचं काही चुकलं नाही. पोलिशमध्ये ‘सी-एच’ ही जोडी घशातून काढलेल्या ‘ह’साठी असते. या शहराचं नावही नकाशावर पाहून तुम्ही ‘व्रोकलाव’ म्हणाल. पण इथं ‘सी’ म्हणजे चाकातला च, काट मारलेला ‘एल’ म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला व, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे दात ओठाला टेकवून म्हटलेला व. तो शब्दाच्या टोकाला आला की फ होतो.

पोलिश माणसाच्या इंग्रजीची अर्धी कहाणी या टोकाच्या नियमात आहे. शब्दाच्या शेवटी ग, द, ब टिकत नाहीत, त्यांचे क, त, प होतात, आणि ही सवय इंग्रजीतही सुटत नाही. डॉगचा डॉक, किंगचा किंक. त्यात पोलिशमध्ये ॲ हा स्वरच नाही. मग बेड, बॅड, बेट, बॅट हे चारही शब्द एकाच ‘बेत’मध्ये कोंबले जातात. आपण मराठीनं ॲला चंद्र देऊन घरात घेतलं, ते किती कामाचं झालं हे इथं कळतं.

माझ्या ऑफिसातले काहीजण संध्याकाळी उच्चारांच्या वर्गाला जातात. एकदा मीही जाऊन बसलो. बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक रबर बँड दिला. ‘बॅड’ म्हणताना तो ताणायचा, ‘बॅट’ म्हणताना लगेच सोडायचा. शेवटच्या ‘ड’साठी धडपडू नका, आधीचा स्वर लांबवा, असं त्या सांगत होत्या. इंग्रज माणूसही या दोन शब्दांतला फरक मुख्यतः स्वराच्या लांबीवरूनच ओळखतो. तासाभरात निम्म्या वर्गाचं ‘बॅड’ सुधारलं. ‘थँक यू’ मात्र ‘फेंक यू’च राहिलं, आणि ‘कम्फर्टेबल’चं ‘कोमफोर्तेय्बल’. पोलिशमध्ये आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, आणि शब्द लिहिल्याप्रमाणे वाचायचा असतो. अशा सरळ भाषेत वाढलेल्या माणसाला इंग्रजी स्पेलिंग दगा देणारच.

आपण हसायचं कारण नाही. वेलीचं ‘व्हाइन’ आणि दारूचं ‘वाइन’ आपल्या तोंडून सारखेच निघतात. पोलिश माणसाकडे या दोन ‘व’कारांसाठी दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये मात्र तोही आपल्यासारखाच अडखळतो. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो खरे, पण बोलताना ते पाळतो कुठे?

इथल्या मोठ्या पिढीला शाळेत रशियन सक्तीची होती. 1989 नंतर राजवट बदलली आणि इंग्रजीची लाट आली. 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला, ब्रिटननं लगेच कामाचं दार उघडलं, आणि लाखो लोक तिकडे गेले. टीव्हीवर मात्र परदेशी सिनेमाला आजही ‘लेक्टर’ असतो. नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचे संवाद एकच माणूस सपाट आवाजात पोलिशमध्ये वाचतो. मूळ इंग्रजी मागे कुजबुजत राहते. अशानं कान कसा तयार व्हायचा?

पण या लोकांचं एक मला फार आवडतं. आपली जीभ नेमकी कुठं अडते, याचा त्यांनी शास्त्र म्हणून अभ्यास केला आहे. पोझनानच्या व्वोजिमेश सोपकोव्याक यांचं खास पोलिश लोकांसाठी लिहिलेलं इंग्रजी ध्वनिशास्त्राचं पुस्तक 1996 मध्ये आलं. स्वनिमाची, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या लहानात लहान ध्वनीची, कल्पना पक्की करणाऱ्यांत अग्रणी असलेले यान बोदुएँ द कूर्तने हेही याच मातीतले. आणि जोसेफ कॉनरॅड! इंग्रजी गद्यातला हा दिग्गज विशीत इंग्रजी शिकला, आणि मरेपर्यंत त्याचा पोलिश हेल गेला नाही.

मला शाळेत काळ आणि स्पेलिंगं घोकायला लावली, जिभेचं कुणी नाव काढलं नाही. वास्तविक कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य अशी मांडलेली वर्णमाला आपल्या हाताशी आहे. इंग्रजी ‘टी’साठी पोलिश जीभ दातांना टेकते, आपली मागे वळून मूर्ध्याकडे जाते, आणि इंग्रजाची या दोहोंच्या मध्ये, हिरडीवर. आमच्याकडे बोईसरच्या एखाद्या क्लासात हे फळ्यावर काढून दाखवायला पाच मिनिटं पुरतील. त्यानंतर ‘व’ घ्यावा. त्याला आठवडा लागेल.